सर्व्हर रूममधली दोन मिनिटं

गुरुजी 'दोन मिनिटं' म्हणाले की आपण जेवून यावं, हे ऑफिसातल्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं. माणूस खोटारडा नव्हता हो. म्हणताना त्यांना खरंच वाटायचं, की दोन मिनिटांत होईल. पण एकदा का कीबोर्डवर हात पडला, की त्यांना तहान नाही, भूक नाही, बायको नाही, पोर नाही. आणि ते गुरुजी तरी कसले! शिकवण्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. ते कंपनीचे सर्व्हर सांभाळायचे. पण कुणी साधं 'प्रिंट का येत नाही' असं विचारलं, तरी हे प्रिंटरच्या जन्मापासून सुरुवात करायचे, म्हणून नाव पडलं गुरुजी.

तर त्या दिवशी गुरुजींच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. कामं सोपवून झाली होती, निरोपाचं भाषणही आदल्या दिवशी उरकलं होतं. आता फक्त ओळखपत्र परत द्यायचं आणि स्टेशन गाठायचं. स्टेशनवर बायको आणि आठ वर्षांची लेक सामान घेऊन बसल्या होत्या.

हे स्टेशन गाठायला त्यांना दोन वर्षं लागली होती. बायकोला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागली, ती लेकीला घेऊन पुढे गेली, आणि गुरुजी 'पुढच्या महिन्यात' जाणार होते. मग पुढचा महिना पुढे पुढेच सरकत राहिला. कधी मेल बंद पडली, कधी डिस्क भरली, आणि कधी तर काहीसुद्धा झालं नव्हतं, तरी गुरुजी फोनवर म्हणाले, "सर्व्हर बसलाय गं, निघता येत नाही." शेवटी बायको स्वतःच रजा घेऊन आली. भाड्याची जागा सोडली, भांडी बांधली, गाद्या वाटून टाकल्या, आणि त्या दिवशी सकाळी दारात उभी राहून अगदी शांतपणे म्हणाली, "हे बघ, गाडी दुपारची आहे. मी काही फोन करून भांडणार नाही. गाडीत असलास तर आहेस. नसलास तर मी काय ते समजेन, आणि पुन्हा हा विषय काढणार नाही."

ती आदळआपट करते तेव्हा गुरुजींना बरं वाटायचं. भांड्यांचा आवाज होतोय तोवर संसार शाबूत आहे, असा त्यांचा हिशेब होता. हा शांतपणा मात्र त्यांच्या हिशेबात कुठेच बसेना.

"ओळखपत्र देतो आणि आलोच," ते म्हणाले. "दोन मिनिटं."

लेकीने, चिऊने, लगेच दोन बोटं वर केली आणि बापाच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दोन मिनिटं हं!" फोनवर चेहरा दिसायचा तेव्हा बाबा नेहमी अशी बोटं दाखवून कुठेतरी पळायचा, म्हणून तिने त्याचा खेळच करून टाकला होता. बाबाने दोन बोटं दाखवली की हीसुद्धा दाखवायची. हसली ती. बायको नाही हसली.

आता सरळ जावं की नाही या माणसाने? ओळखपत्र द्यावं, नमस्कार करावा, निघावं. पण नाही. ऑफिसात पाऊल टाकल्यावर त्यांना वाटलं, जाता जाता मुख्य सर्व्हरचा कर्नल तेवढा नवा करून जावं.

कर्नल म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी. कुणाला काय द्यायचं, कुणाला थांबवायचं, ते सगळं तो बघतो. आणि यंत्रातल्या एकेका भागाशी बोलायला या कारभाऱ्याला एकेक दुभाष्या लागतो, त्याला म्हणायचं ड्रायव्हर. या सर्व्हरचं नेटवर्क कार्ड जरा नखरेल होतं. जुन्या कर्नलसोबत येणारा ड्रायव्हर त्याच्याशी धड बोलायचा नाही, मध्येच तोंड फिरवून बसायचा. म्हणून गुरुजींनी काही वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने एक ड्रायव्हर तयार केला होता. कर्नल बदलला की तो नव्याने बांधावा लागायचा. हे आपोआप होण्याची सोय असते. गुरुजींना ती माहीत होती. त्यांनी ती केली नव्हती. का नव्हती, हे त्यांना कुणी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नाही. प्रत्येक वेळी मोठे साहेब "गुरुजींना बोलवा" म्हणायचे, ते कानाला गोड लागायचं, एवढं खरं.

पण नव्या कर्नलमध्ये या कार्डासाठी चांगला ड्रायव्हर आतच घातलाय, असं त्यांनी वाचलं होतं. म्हणजे हातबांधणीची कटकटच संपली. आपण गेल्यावर कुणी फोन करायला नको, बायकोनेही कपाळाला आठ्या घालायला नकोत. किती चांगला विचार! चांगल्या विचारानेच माणूस खड्ड्यात जातो कधी कधी.

त्यांनी फोन बाहेरच्या छोट्या कपाटात ठेवला, किल्ली खिशात टाकली. सर्व्हर रूममध्ये फोन न्यायचा नाही हा नियम त्यांचाच. ओळखपत्र दाराला लावलं, हिरवा दिवा लागला, आत शिरले. दार मागे आपोआप लागलं.

आत पडद्यासमोर बसून गुरुजींनी स्वच्छता मोहीम काढली. जाताना आपली खरकटी आपणच उचलावीत, म्हणून आपल्या हातच्या ड्रायव्हरचं सगळं सामान पुसून टाकलं. नव्या कर्नलला जागा पुरेना, म्हणून जुने कर्नलही काढून टाकले. जुना कर्नल कधी काढू नये, नव्याने दगा दिला तर तोच हाताशी असतो, हे त्यांनी गेली कित्येक वर्षं प्रत्येक नवशिक्याला ओरडून सांगितलं होतं. स्वतःला सांगायचं राहिलं. मग नवा कर्नल बसवला, यंत्र बंद करून चालू केलं, आणि दाराकडे निघाले.

ओळखपत्र लावलं. दिवा लागला नाही.

पुन्हा लावलं, उलटं करून लावलं, शर्टाला पुसून लावलं. दिव्याचं नाव नाही. आणि मग गुरुजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुणाच्या ओळखपत्राने कुठलं दार उघडायचं, हे याच सर्व्हरला विचारलं जायचं. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड चालू नसेल, तर दाराने विचारायचं कुणाला?

"हात्तिच्या," गुरुजी म्हणाले. अजून तेवढे घाबरले नव्हते.

दाराशेजारी हिरव्या खोक्यात संकटकाळचं बटण होतं. सफाईवाल्या बाईंचा कोपर लागून ते सारखं दाबलं जायचं आणि भोंगा वाजायचा, म्हणून गुरुजींनीच एकदा त्याची तार सोडवून ठेवली होती. 'मग जोडतो, दोन मिनिटांचं काम आहे,' असं म्हणून. तार अजून तशीच लोंबत होती, आणि तिचं दुसरं टोक भिंतीच्या आत निसटलं होतं, कुणाच्याच हाताला न लागणारं. वीज तोडली तरी उपयोग नव्हता. चोरांच्या भीतीने 'वीज गेली तरी बंदच राहील' असं कुलूप निवडून आणणारे महापुरुषही गुरुजीच. भिंतीवरचा फोनसुद्धा नेटवर्कवरचा. उचलला तर नुसता मुका.

तेव्हा मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. घड्याळात पाहिलं. गाडीला बराच वेळ होता. म्हणजे होता तसा. ते धावतच परत पडद्यासमोर बसले.

सर्व्हरला विचारलं, तुझ्याकडे नेटवर्कचे रस्ते किती? उत्तर आलं, एक. तो म्हणजे यंत्राचा स्वतःशीच बोलण्याचा आतला रस्ता. बाहेर जाणारा एकही नाही. कार्ड तरी दिसतंय का म्हणून विचारलं, तर कार्ड दिसत होतं. नाव, गाव, सगळं बरोबर. जागेवर बसलेलं, पण त्याच्याशी बोलणारा कुणी नाही. कर्नलची रोजनिशी वरपासून खालपर्यंत वाचली. प्रत्येक भागाबद्दल काही ना काही लिहिलेलं, या कार्डाबद्दल चकार शब्द नाही. तक्रार असती तरी चाललं असतं. हा अबोला गुरुजींना सकाळच्या दुसऱ्या एका अबोल्याची आठवण करून देत होता, आणि तो विचार त्यांनी झटकून टाकला.

इतक्यात काचेवर टकटक झाली. सर्व्हर रूमची एक भिंत पूर्ण काचेची होती, बाहेरच्या बोळातून आतलं सगळं दिसायचं. काच दुहेरी, आत पंख्यांची घरघर, त्यामुळे आवाज मात्र इकडचा तिकडे जायचा नाही. बाहेर नवी उभी होती. नवी म्हणजे गुरुजींच्या जागी घेतलेली इंजिनियर. महिनाभर गुरुजींच्या मागे मागे फिरून काम शिकली होती, आणि महिनाभर तिने 'ते तुला नंतर सांगतो' हेच जास्त ऐकलं होतं.

गुरुजींनी एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, मार्करने लिहिलं, 'नेटवर्क गेलंय. दार उघडत नाही', आणि काचेला लावला. नवीने वाचलं, कपाळावर हात मारला आणि पळाली. थोड्या वेळाने मोठ्या साहेबांना घेऊन आली. साहेबांनी हातवारे करून बरंच काही विचारलं. गुरुजींना एवढंच समजलं, की मेलसुद्धा बंद आहे आणि हजेरीसुद्धा, आणि याला जबाबदार कोण हा प्रश्न साहेबांच्या भुवयांमध्ये येऊन थांबलाय. पुठ्ठ्यावर त्यांनी लिहिलं, 'काच फोडा.' साहेबांनी काच बोटाने वाजवून पाहिली, किमतीचा अंदाज घेतल्यासारखं तोंड केलं, आणि कुलूपवाल्याला बोलावतो अशी खूण केली. कुलूपवाला आला. दार वरून खालून पाहिलं, किल्ली घालायला भोकच नाही म्हटल्यावर खांदे उडवले आणि गेलासुद्धा. गुरुजींनीच ते भोक बुजवून घेतलं होतं, किल्ल्यांची भानगड नको म्हणून.

आपल्याच हाताने एकेक वीट रचून माणसाने स्वतःला कोंडून घ्यावं ते याला म्हणतात. गुरुजींना रडू यायला लागलं. खरंच आलं. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. दोन वर्षं जिला खोटं सांगितलं, तिला आज खरं सांगायचं तर फोन कपाटात, कपाटाची किल्ली आपल्या खिशात, आणि आपण काचेच्या आत. देवा, एवढी थट्टा करायची कुणाची!

नवी पुन्हा काचेशी आली. तिच्या हातात कागद होता. 'माझ्या मोबाइलवर वहिनींचा फोन आला होता. तुम्ही आत अडकलाय, दार उघडत नाही, असं सांगितलं. त्या हसल्या.'

हसल्या. गुरुजींनी तो शब्द दोनदा वाचला. मागच्या महिन्यात याच नवीला त्यांनी सांगून ठेवलं होतं, की घरून फोन आला तर सर सर्व्हर रूममध्ये आहेत म्हणून सांग. तिने बिचारीने सांगितलंही होतं, आणि गुरुजी तेव्हा तिच्यासमोरच खुर्चीत रेलून कॉफी पीत होते. मग बायकोने आज विश्वास ठेवावा तरी कसा? त्यांनी घाईघाईने पुठ्ठ्यावर खरडलं, 'आज खरं आहे म्हणावं! शपथ!' नवीने मान हलवली, पण तिच्या तोंडावर काही उमेद दिसली नाही.

म्हणजे एकच मार्ग उरला. कार्ड चालू करायचं.

त्यांनी बाह्या सारल्या. यंत्र बंद केलं, झाकण उघडलं, कार्ड उपसून काढलं, टोकं पुसली, पुन्हा घट्ट बसवलं, चालू केलं. ढिम्म. तार बदलली, ढिम्म. ड्रायव्हरला हाताने हाक मारली, त्याचं नाव घेऊन सांगितलं, ये बाबा आत. तो आला नाही. 'येत नाही' असंही म्हणाला नाही. कर्नलमध्ये ड्रायव्हर आहे का? आहे, त्याच्या जागेवर आहे. मोडलाय का? नाही. जुळत नाही का? जुळतोय. मग का येत नाहीस गुलामा?

आणि इथे बघा काय झालं. गुरुजी खुर्ची पुढे ओढून बसले, ओठ चावायला लागले, एक पाय हलवायला लागले. भीती कुठेतरी मागे राहिली. मगाशी डोळ्यांत पाणी होतं ते वाळून गेलं. समोर कोडं होतं. दार, गाडी, बायको, सगळं त्या कोड्याच्या पलीकडे गेलं, आणि पलीकडचं त्यांना कधी दिसतच नसे. काचेवर टकटक झाली. त्यांनी मान न वळवता दोन बोटं वर केली. पुन्हा टकटक झाली. नवी एका हाताने कागद आणि दुसऱ्या हाताने काहीतरी काचेला लावून उभी असल्याचं त्यांना डोळ्यांच्या कोपऱ्यातून जाणवलं. त्यांनी पुन्हा बोटं वर केली, जरा चिडूनच. अगं बाई, दोन मिनिटं सुचू देशील की नाही?

ड्रायव्हर आहे, धडधाकट आहे, बोलावलं तरी येत नाही. म्हणजे त्याला कुणीतरी दारातच अडवतंय. गुरुजी स्वतःशीच हसले. चोर सापडत आला की त्यांना असं हसू यायचं. कोण अडवतंय? कुठल्या तरी फाइलमध्ये कुणीतरी त्याचं नाव लिहून ठेवलं असणार. त्यांनी सगळ्या फाइली त्या नावासाठी चाळायला लावल्या.

एक फाइल सापडली. त्यात दोनच ओळी होत्या. खालच्या ओळीत लिहिलं होतं, या ड्रायव्हरला कधीही आत घेऊ नये, हाताने बोलावलं तरी नाही. आणि वरच्या ओळीत, माणसांना वाचण्यासाठी, 'याला हात लावू नये. आधी मला विचारावं.'

मला म्हणजे कुणाला, हे गुरुजींना विचारावं लागलं नाही. आपला हातचा ड्रायव्हर चालावा म्हणून त्यांनीच तेव्हा त्या दुसऱ्याला बंदी घातली होती. नवा कर्नल त्याची सुधारलेली आवृत्ती घेऊन आला, पण नाव तेच, म्हणून बंदीही तीच. मागच्याच आठवड्यात नवीने विचारलं होतं, "सर, ही फाइल कशासाठी आहे?" आणि ते म्हणाले होते, "तुला कळायला वेळ लागेल. असू दे."

पण आता वाईट वाटायला फुरसत कुणाला होती? चोर सापडला होता! गुरुजींनी बंदी डावलून ड्रायव्हरला तेवढ्यापुरतं आत घेतलं. कार्डाच्या मागचा दिवा एकदा लुकलुकला, दोनदा लुकलुकला, आणि मग हिरवागार होऊन नाचायला लागला. पडद्यावर बाहेर जाणारा रस्ता उगवला. गुरुजी उडी मारून उठले. दोन्ही हात वर केले, खुर्चीला एक गिरकी दिली, यंत्राच्या पत्र्यावर प्रेमाने थाप मारली. "अरे वा रे पठ्ठ्या!" ते ओरडले, आणि नाचल्यासारखे काचेकडे वळले.

नवी अजून तशीच उभी होती. हातातला कागद आता खाली आला होता, पण त्यावरची अक्षरं दिसत होती. 'वहिनी बघतायत.' दुसऱ्या हातात तिचा फोन होता, काचेला टेकवलेला, पडदा आतल्या बाजूला. पडद्यावर बायकोचा चेहरा होता. मागे स्टेशनचं छत होतं, आणि कोपऱ्यात चिऊची अर्धी वेणी.

गुरुजींचे हात अजून वरच होते. त्यांनी ते खाली घेतले. बायकोने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. रागाने नाही पाहिलं. मग पडदा काळा झाला.

ओळखपत्र लावल्याबरोबर दार उघडलं. गुरुजींनी कपाट उघडून फोन काढला. बायकोचा संदेश नुकताच आला होता.

'तुला बघायलाच मी त्या नव्या मुलीला फोन काचेला लावायला सांगितला. वाटलं, आज खरंच अडकला असेल तर धावत यावं, साहेबांशी भांडावं, काच फोडायला लावावी. पंधरा-वीस मिनिटं बघत होते. इतक्या आनंदात मी तुला घरात कधी पाहिलं नाही रे. आपल्या लग्नातसुद्धा नाही. गाडी अजून आहे. ये म्हणणार नाही.'

तसं नव्हतं, असं गुरुजींना ओरडून सांगायचं होतं. मी मगाशी रडत होतो, तेव्हा का नाही फोन लावलास? पण तसं होतंच, हेही त्यांना कळत होतं, आणि त्याचाच जास्त त्रास होत होता.

"सर, तुम्ही निघा," नवी म्हणाली. तिने आधीच सोय करून ठेवली होती. "खाली टॅक्सी उभी आहे. स्टेशन इथून जवळ आहे, सहज पोचाल."

साहेब लगबगीने आले. "झालं ना चालू? वा, गुरुजी! आता पुन्हा बंद नाही ना पडणार?"

"यंत्र बंद करून चालू केलं तर पडेल," गुरुजींच्या तोंडून निघून गेलं. "आत्ता तात्पुरतं केलंय."

"ती फाइलमधली ओळ काढायची ना?" नवी म्हणाली. "मी विचारलं होतं ती. ओळ काढते, यंत्र चालू होताना वाचतं ती सुरुवातीची इमेज पुन्हा बनवते, आणि एकदा बंद-चालू करून बघते. येतं मला, सर. तोवर दार मी खुर्ची लावून उघडंच ठेवते, म्हणजे कुणी कोंडायला नको." आणि तिने खरोखरच पायाने दार अडवून धरलं.

सगळं बरोबर होतं तिचं. एक अक्षर चुकीचं नव्हतं. गुरुजींना फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'हो, तसंच कर.' मग जिना, मग टॅक्सी, मग स्टेशनवर बायकोचा तो शांत चेहरा, आणि त्या चेहऱ्यासमोर बसून केलेला सबंध प्रवास. तिथे कुठली फाइल चाळायची? कुठली ओळ काढायची? ते सुधारायचं कसं, हे त्यांना कुणीच शिकवलं नव्हतं. मागून थंड हवा पाठीला लागत होती, पंखे घरघरत होते, आणि कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

"दुसरीकडेही कुठे ते नाव असेल," गुरुजी म्हणाले. "तुला सापडणार नाही. थांब, मीच करतो."

"सर, गाडी..."

"अगं, दोन मिनिटांचं तर काम आहे."

ते आत गेले. खुर्ची जागेवर ओढली, बसले, आणि बसल्याबरोबर छातीवरचं ओझं उतरलं. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटलं.

नवीचा फोन वाजला. तिने पाहिलं, काय करावं ते न सुचून दारातूनच फोन त्यांच्याकडे वळवला. या वेळी पडद्यावर एकटी चिऊ होती. आईच्या हातून फोन मागून घेतला असावा तिने. मागे लोक गाडीत चढत होते, कुणीतरी तिच्या नावाने हाक मारत होतं, आणि ती पडद्याला नाक लावून आपल्या बाबाला शोधत होती.

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, हसले, आणि हात आपोआप वर गेला. दोन बोटं.

चिऊनेही लगेच दोन बोटं वर केली. खेळच होता तो त्यांचा. ती तशीच बोटं धरून राहिली, बाबा परत वळून कधी बघतो याची वाट बघत.

पण गुरुजींची नजर सर्व्हरच्या पडद्यावर गेली होती. ओळ समोर होती. पाठीमागून बाहेरची गरम हवा आत येत होती, यंत्रांना ती सोसत नाही.

"दार लावून घे गं," ते मान न वळवता म्हणाले, "गारवा बाहेर जातोय."

नवी क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने पाय काढून घेतला.